नव्या गाडीत अनवाणी

धायरीहून निघालेली कोरी गाडी टोलनाका ओलांडून नव्या एक्सप्रेसवेवर आली आणि अभिनवच्या अंगात वारं संचारलं. काटा शंभरावर गेला. मागे सासूबाईंचा पदर फडफडत होता, तरी त्या काच वर करू देईनात.

"आनखी पळवा की, जावईबापू," त्या म्हणाल्या. दीपाली आईकडे बघून हसत सुटली.

तेवढ्यात सासूबाईंनी लेकीला चपला काढायला लावल्या, स्वतःच्याही काढून मांडीवर घेतल्या. गाडी चालवतोय म्हणून अभिनवला तेवढी सूट मिळाली. आपल्या गाडीचा एवढा मान पाहून तो फुलून गेला. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने अजून काढलं नव्हतं.

डोंगराचं वळण मागे पडलं तशा त्या लेकीला म्हणाल्या, "हं, घाल आता."

"राहू द्या की. गाडी आवडली ना?" अभिनवने विचारलं.

"गाडी झ्याक हाय. पण आत्ता आपल्या खळ्यावरनं गेलो न्हवं का. रस्त्यात गेलं ते. दरसाल भाताची रास तिथंच पडायची. खळ्यात कुणी पायताण घालून जातं व्हय?"

परत येताना अभिनवने त्या वळणाच्या अलीकडेच गाडी थांबवून बूट काढले, आणि अनवाणी पायाने काटा पुन्हा शंभरावर नेला.