टाकीतले ठोके

पाणबुडी बुडून आठ महिने झाले होते. त्यात नौसैनिक जितेश गेला होता. पोशीर गावातल्या घरी त्याच्या बायकोने, छायाने, ती बुडण्याची लोक सांगत ती पाच कारणं वहीत लिहिली आणि तपासून चार खोडली. पाचवं चौकशी अहवालाचं होतं : सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी स्फोट, सगळे एका क्षणात मृत. ते मान्य असल्याची सही तिला उद्या करायची होती.

"कर सही, वैनी," दीर प्रवीण म्हणाला. "दादाला तरास नाय झाला, हेच बरं हाय."

"तुझ्या मोबाईलवर फिरणारं शत्रूच्या टॉर्पेडोचं कारणसुद्धा मी तपासूनच खोडलं ना? मग हेही तपासू दे."

गच्चीवरची लोखंडी टाकी पाणबुडी बुडाल्यापासून रोज नऊ दहाला वाजू लागे. तीन ठोके, थोडा विसावा, पुन्हा तीन. दुपारी चारपर्यंत. बुडालेल्या पाणबुडीत जिवंत अडकलेली माणसं असंच ठोकतात, हे जितेशनेच तिला सांगितलं होतं. प्रवीणने पंप बंद केला, पाइप सोडवला, टाकी उपसून कोरडी केली. ठोके थांबले नाहीत.

आज छाया पाना घेऊन गच्चीवर गेली. नऊ दहाला ठोके सुरू झाले. आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. तिने बाहेरून तीन ठोके दिले.

आवाज थांबला.

"बघ, गेलं," प्रवीण जिन्यातून म्हणाला.

छायाने झाकण उचलून आत पाहिलं. तळ कोरडा होता. तिच्या डोळ्यांदेखत टाकीच्या चारही बाजू एकदम वाजू लागल्या. आता ते ठोके एका माणसाचे नव्हते.