पाहुण्यांचा मुक्काम

"आले बघा तुमचे पाहुणे," वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत ढकललं आणि मोठ्या सिस्टरांनी कपाळावर हात मारला.

म्हातारा पुन्हा तसाच. ओठ निळसर, नाडी मंद, गाल थोपटले तरी हूं नाही की चूं नाही. मागोमाग त्याची मुलगी धापा टाकत आली.

"नाकात स्प्रे मारलाय मी, सिस्टर. श्वास नीट झाला, पण जाग येत नाही."

"येईल कशी?" सिस्टरांनी ऑक्सिजनचा मास्क चढवला. "स्प्रे उतरवतो तो गर्दाचा अंमल. हल्ली मेले पुडीत जनावरांच्या गुंगीचं औषध कालवतात, त्याला कुठला उतारा? आपण श्वास सांभाळायचा आणि वाट बघत बसायचं. किती वेळ झाला?"

"आत्ताच. माझ्यासमोरच कलंडले."

म्हणूनच तर म्हातारा दर खेपेला वाचत होता. नेसूचं धड नसलेले बाकीचे गर्दुल्ले तासन् तास गल्लीत पडून राहायचे आणि मग कोणीतरी उचलून आणायचं. ह्याला मात्र अशी पोरगी लाभली होती. ऑफिसचे कपडे, मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या, जीभ गोड. सिस्टरांचा स्वतःचा मुलगा सणासुदीलाही फोन करायचा नाही. त्यामुळे त्यांना ह्या मुलीचं भारी कौतुक आणि बापाचा तितकाच संताप.

शेजारच्या खाटेवर एकाचा हात सोलवटून काळा पडला होता. ह्या भेसळीनं होणाऱ्या जखमा अशाच, महिनोन् महिने चिघळणाऱ्या. सिस्टर ड्रेसिंग करत होत्या, तोवर ती मुलगी टक लावून बघत राहिली.

"रोज बदलावं लागतं का? सुकू द्यायची नाही ना?"

"ओलसर ठेवायची. झाकून." सिस्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं. परक्याच्या दुखण्याची एवढी चौकशी हल्ली करतो कोण?

संध्याकाळी म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि लगेच विचारलं, "चहा मिळेल का?"

"चहा! बिस्किटं आणू सोबत?" सिस्टर कडाडल्या. "आजोबा, लाज कशी वाटत नाही?"

दुसऱ्या दिवशी नशा न मिळाल्यानं बाकीचे पेशंट थरथरायचे, ओकायचे, त्यांचं ब्लडप्रेशर आभाळाला भिडायचं. हा गडी मात्र उशी टेकून शांतपणे पेपर वाचत होता. हातावर सुईचा टोचा नाही, अंगावर एक जखम नाही. चिमूटभर नाकातून ओढायचा, बस्स. हाडीमासी मुरलंय ह्याच्या, सिस्टरांनी मनाशी ठरवून टाकलं.

"घरी जायला हवं," पेपर मिटून तो म्हणाला. दर वेळचं पालुपद.

"आज नाही जायचं. वरच्या मजल्यावर व्यसनमुक्तीची खाट मिळालीय. त्या एका खाटेसाठी कोणाकोणाच्या दाढ्या धरल्यात मी, माझं मला ठाऊक. पहिला आठवडा दार बंद, बाहेर जायचं नाही."

"आठवडाभर? नाही जमायचं, सिस्टर. घरात माझी गरज आहे."

"गरज! पोरीच्या जिवाला घोर लावायला?" आता मात्र सिस्टरांचा तोल सुटला. "ऐका. आज गेलात, तर परत ह्या दारात पाऊल टाकायचं नाही. ना तुम्ही, ना तुमच्या घरचं कोणी. मी स्वतः उभी राहून हाकलून देईन."

म्हातारा एकदम बावरला. "असं बोलू नका हो. वेळ आली तर दुसरं दार कुठलं आहे आम्हाला?"

"मग मुकाट्यानं वर चला."

त्यानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं मान खाली घातली.

"राहा ना, बाबा. मी बघेन माझं."

"तू काय बघणार आहेस?" त्याचा आवाज चिरकला. "मी येईपर्यंत दम धर. माझी शपथ घे."

"घेतली, बाबा."

"तिला कसल्या शपथा घालताय?" सिस्टर म्हणाल्या. "शपथ तुम्ही घ्या!" म्हातारा जिना चढताना दर पायरीला मागे वळून बघत होता, आणि मुलगी खाली उभी राहून हात हलवत होती. वरचं दार बंद झालं तेव्हा सिस्टरांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण एक पीळ तरी आपण सोडवला. त्या दिवशी वॉर्डबॉयला त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्स आली. शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. आतली बाई कधीपासून पडली होती ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

सिस्टरांनी चेहरा पाहिला आणि त्यांच्या हातातला मास्क तसाच राहिला. डॉक्टर ओरडले तेव्हा कुठे त्यांनी ब्लडप्रेशरसाठी तिच्या बाहीची बटणं सोडली. आत कोपरापर्यंत पट्टी होती. स्वच्छ, ओलसर, अगदी त्यांनी सांगितली तशी बांधलेली. डॉक्टरांनी घशात नळी घातली, औषधांवर औषधं दिली. छाती यंत्राच्या तालावर वरखाली होऊ लागली, पण डोळ्यांच्या बाहुल्या हलेनात.

कोणीतरी वर कळवून दार उघडायला लावलं असावं. म्हातारा अनवाणीच खाली आला. मुलीच्या कपाळावर हात ठेवून त्यानं सिस्टरांकडे पाहिलं.

"तिनं पुडी आणली की आधी मी घेऊन बघायचो, सिस्टर. मी उठून बसलो तरच तिला द्यायचो."