फाटकाशी वाकलेले आजोबा

वयापायी लायसन्स परत केलं, तेव्हा कुवाबाराआजोबांनी आपली जुनी, लाल, दोन सीटांची गाडी कानाएला विकली.

"छत उघडंच ठेव हं पोरी. तिला कोंडलेलं सोसत नाही."

"बायकोचे करावेत तसे लाड करता की!"

"बायको बसायची शेजारी. मला मात्र तिथं बसायला कधी मिळालंच नाही."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकून निरोप द्यायचा, या रिवाजानं ते फाटकाशी वाकले.

वळण गेलं. आरशात आजोबा वाकलेलेच.

बोगदा संपून समुद्र लागला. तरी वाकलेलेच.

कानाएनं गाडी थांबवून मागं पाहिलं. रस्ता रिकामा होता. आरशात मात्र आजोबा होतेच.

"पुरे हो आजोबा, कंबर धरेल!" ती कळवळली. "या, बसा."

आरशातले आजोबा सरळ झाले.

शेजारच्या सीटचा पट्टा खट्कन लागला.