चिमूटभर सोडा

सकाळी दहाला धाकू परबांचा रिपोर्ट आला. पोटात अल्सर करणारे जंतू जसेच्या तसे होते. साध्या अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतूही मरायचे आणि धाकूंना जुलाबाने सलाईनवर ठेवावं लागायचं. म्हणून घाटकोपरच्या या रुग्णालयात डॉक्टर इरावतीने त्यांना चाचणीतलं नवं औषध सुरू केलं होतं. त्यातले नॅनोकण फक्त पोटातल्या आम्लात उघडतात. आम्ल नसेल तर ते बंदच राहून बाहेर पडतात.

“मावशी, औषधाबरोबर यांना आणखी काही देता का?”

“नाय ओ,” धाकूंची बायको जानकी म्हणाली. “दुसरी गोळी द्यायची नाय, तुम्हीच सांगितलंत ना?”

“गोळी सोडून काही?”

“खायचो सोडो तेवढो. चिमूटभर, पाण्यातून, औषधाच्या आधी. ह्यांका पित्त होता ना! घेतल्यावर बरा वाटता.”

इरावतीने पेन टेबलावर टाकलं. “अहो, सोड्याने आम्लच जातं! मग औषध उघडणार कसं? आधी सांगायचं नाही का?”

“सोडो काय औषध असा?” धाकू बायकोच्या बाजूने बोलले. “बाहेर बाकड्यावरचे सगळेच घेतत. हिनेच सांगल्यान त्यांका.”

इरावतीने दार उघडलं. चाचणीतले बाकीचे रुग्ण औषधासाठी बसले होते. त्यातल्या एका आजोबांची सून पाण्याची बाटली हलवत होती. आत जानकी दिसताच ती हसली.

“काकी, आज दोन चिमटी घातलाय.”