पडद्यावरचा हात

"काका, अजून एकदा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. पक्षाघाताने लुळा पडलेला हात उचलायला मी जिवाच्या आकांताने जोर लावला. समोरच्या कॅमेऱ्याने हालचाल टिपली, पडद्यावरचा हात वर गेला आणि हात किती वेळा उचलला ते मोजणारा आकडा नऊवर पोचला. पण माझा हात तर मांडीवरच होता.

मी शेजारी पाहिलं. बायकोचा हात हवेत होता. लेकराला भरवताना आईचंही तोंड उघडतं ना, तसा.

"म्हणजे महिनाभर हे आकडे तुझे होते?" मी कडाडलो.

"मला कळलंच नाही हो," म्हणत तिने दोन्ही हात पदराखाली दडवले. फिजिओथेरपिस्टने आकडा शून्यावर आणला. मी दात-ओठ खाऊन पुन्हा जोर लावला. घाम फुटला. शेवटी मनगट मांडीपासून बोटभर सुटलं.

पडद्यावरचं शून्य हललं नाही. बायको मात्र ओरडली, "एक!"