चुकलेला सकाळचा फोन

"माझं नाव यादीत आहे का, तेवढं बघा," फोनवर आजोबा म्हणाले. "बारा दिवसांमागे सकाळचा फोन आलाच नाही."

वयस्कर माणसांना रोज सकाळी फोन करून 'बरे आहात ना' विचारणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. तक्रारी घेणारी मुलगी रजेवर, म्हणून फोन तिच्याकडे आला. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. आठवडाभर कामापलीकडे तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

"नाव आहे, आजोबा," असं म्हणत तिने त्या दिवसाची नोंद काढली. आजोबांच्या आधी त्यांच्याच घरच्या आजींचं नाव होतं. प्रोग्राम आजींचा नंबर लावणार, तेवढ्यात दवाखान्यातल्या कोणीतरी ते नाव यादीतून कमी केलं होतं.

तिने कपाळाला हात लावला. चाचणी घेताना यादी तिने एकटीनेच हाताळली होती. एकाच वेळी दोघं यादीत हात घालतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. एकट्या माणसाच्या ते मनात यावं तरी कुठून?

"असं बघा," ती म्हणाली, "रांगेत एकजण नंबराने माणसं तपासतोय. चाळिसावा घेतला, तोच कोणीतरी त्याला रांगेतून काढलं. मागचा पुढे सरकून चाळिसावा झाला. तपासणारा मात्र एक्केचाळिसाव्याकडे गेला."

"म्हणजे मी तिच्या जागेवर उभा राहिलो."

"हो. चूक माझी. आता यादीला कुलूप घालावं, तर फोन संपेपर्यंत दवाखाना खोळंबेल. म्हणून रोज सकाळी यादीची नक्कल काढायची आणि फोन नकलेवरून करायचे. नावं काढायची ती मूळ यादीतून."

"मग आता कोणी सुटणार नाही?"

"नाही. उलट एखादा फोन जास्तीचा जाईल. नाव नुकतंच कमी झालं, तरी नकलेत असतंच ना. म्हणून लावण्याआधी मूळ यादीत पुन्हा बघायचं, अशी एक ओळ घालतेय."

सांगून झालं, तरी तिला फोन ठेववेना.

"ही नुसती नक्कल त्या दिवशी असती, तर तिचाही फोन वाजला असता?"

"वाजला असता. पण चुकून."

"त्या पहाटे मी दवाखान्यातून एकटाच घरी आलो होतो. तिचा फोन इथेच होता, टेबलावर," आजोबा म्हणाले. "चुकून तर चुकून, ताई. घरात काहीतरी वाजलं असतं."