तांदळाचं ताट

दसऱ्याच्या सकाळी देवापुढे तांदळाचं ताट मांडलं होतं. तीन वर्षांची निमा आज पहिलं अक्षर काढणार होती.

"मोठ्या ताईनं बोट धरून श्री काढून घ्यायचं," आबा म्हणाले. "सुलेखनात शाळेत पहिली आलीये ना आमची मृण्मयी!"

मृण्मयीनं ऐटीत धाकटीचं बोट धरलं, तांदळावर टेकवलं आणि ती थांबली.

"काढ की गं!"

"सुरू केलं ना, आबा. आता ते पुढचं काढेल."

"ते कोण?"

मृण्मयीनं गोंधळून आईकडे, वृंदाकडे पाहिलं. 'ते' म्हणजे टॅबवरचं लेखनाचं ॲप, वृंदानंच बनवलेलं. टॅबवर पेन किंवा बोट टेकलं, की मुलाच्या मनातलं अक्षर ओळखून टॅबच ते वळणदार काढायचा. आता कुठल्याच शाळेत मुलांना गिरवावं लागत नव्हतं.

"राहू दे, मी दाखवतो." आबांनी हात पुढे केला. उभा जन्म त्यांनी वर्गात मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती.

वृंदानं टॅब उघडला. "आबा, तिची चूक नाही. स्पर्श फक्त काचेवरच ओळखला जातो. तांदळाचं पुढच्या आवृत्तीत घेते."

"अगं, तुझ्या मुलीला लिहिता येत नाहीये!"

"तेच बघतेय ना."

मृण्मयीनं आबांचा हात हळूच बाजूला सारला.

"थांबा ना आबा, आई नीट करतेय."

तिनं निमाचं बोट तांदळात घट्ट दाबून धरलं आणि दोघी बहिणी वाट पाहत बसल्या.